पात्यावरील नाव : रघूजी भोसले यांची फिरंग आणि नाममुद्रेच्या प्रामाण्याचा प्रश्न

१

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी इ. स. १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. ही नाणी संख्येने १३,००० हून अधिक असून मुळात ती सर्व क्षहरात क्षत्रप नहपान याची होत. मात्र त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपले नाव व आपली चिन्हे यांचा ठसा पुन्हा मारलेला आहे. कित्येक नाण्यांवर या नव्या ठशाखालून नहपानाचे मस्तक आणि जुनी अक्षरे अद्याप डोकावतात. एकाच धातूवर दोन नावे आली, आणि त्यांतील खालचे कोणते व वरचे कोणते हे डोळ्यांनी पाहता आले. त्यामुळे या दोन राजांचा पूर्वापरसंबंध निश्चित करणे शक्य झाले. नाशिकच्याच पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा जो लेख आहे, त्यात तिच्या पुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे सांगितले आहे. नाण्याची साक्ष आणि शिलालेखाची साक्ष अशा प्रकारे एकमेकींस पूरक ठरल्या.

या उदाहरणातील पद्धती ध्यानात घेण्यासारखी आहे. अशा नाण्यावर गौतमीपुत्राचे नाव आहे, म्हणून ते नाणे मुळात त्याच्या टांकसाळीत घडले, असे कोणताही नाणकशास्त्रज्ञ म्हणत नाही. चांदी नहपानाची, घडण नहपानाची, आणि वरचे नाव मात्र जेत्याचे. नाव कोणाचे, ते कोणी घातले, केव्हा घातले आणि कशावर घातले, हे चार प्रश्न नाणकशास्त्रात वेगवेगळे विचारले जातात. तलवारींच्या अभ्यासात मात्र हे चार प्रश्न एकच समजले जाण्याचा धोका नेहमी असतो. पात्यावर नाव दिसले की निर्णय झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत कितपत टिकते, हे एका ताज्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

२

दि. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडन येथे सोथबीज या लिलावगृहात नागपूरकर भोसल्यांची म्हणून एक तलवार विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती ४७ लक्ष १५ हजार रुपयांस मिळविली आणि त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात ती मुंबईस आणण्यात आली. परदेशी गेलेली मराठ्यांची ऐतिहासिक वस्तू शासनाने लिलावात बोली लावून परत आणावी, ही घटना अभिनंदनीय होय. परंतु वस्तू परत आल्याने तिच्याविषयीचे संशोधन संपत नाही; खऱ्या अर्थाने ते तेथून सुरू होते.

तलवारीचे जे वर्णन प्रसिद्ध झाले, त्याचा सारांश असा : ती फिरंग जातीची असून पाते सरळ व एकधारी आहे. पाते युरोपीय बनावटीचे असून त्यावर मुठीजवळ युरोपीय कारखानदाराचे नाव आहे. पात्याच्या पाठीवर देवनागरी लिपीत सोन्याच्या अक्षरांनी ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’ असा लेख आहे. मूठ मुल्हेरी धाटणीची असून तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम आहे.

हे वर्णन नीट वाचले म्हणजे असे दिसते की, या एका शस्त्रास तीन नावे चिकटली आहेत. पहिले नाव परदेशी कारखानदाराचे. ते पाते कोणी घडविले हे सांगण्याचा दावा करते. दुसरे सरदाराचे, ते शस्त्र कोणाच्या मालकीचे हे सांगण्याचा दावा करते. तिसरे एका गावाचे. ते मुठीची धाटणी सांगते. ही तिन्ही नावे प्रमाण म्हणून एका पंक्तीस बसविता येत नाहीत. प्रत्येकाचे प्रामाण्य ठरविण्याची रीत निराळी आहे, आणि प्रत्येकाच्या बाबतीत फसगतीचा मार्गही निराळा आहे.

३

पात्यावरील नावाच्या परीक्षेचा विचार ज्या देशात सर्वांत बारकाईने झाला तो देश म्हणजे जपान. तेथे लोहार आपले नाव पात्याच्या दर्शनी भागावर कोरीत नाही. मुठीत शिरणारा जो पात्याचा शेपटासारखा भाग, ज्याला जपानी भाषेत ‘नाकागो’ म्हणतात, त्याच्यावर छिन्नीने तो आपली सही कोरतो. तलवार वापरात असताना ही सही मुठीआड दडलेली असते. मूठ काढल्याखेरीज ती दिसत नाही. या सहीस ‘मेई’ आणि खोट्या सहीस ‘गिमेई’ अशी संज्ञा आहे. खोट्या सहीसाठी स्वतंत्र शब्द रूढ व्हावा, यावरूनच हा प्रकार किती प्राचीन व किती सार्वत्रिक आहे, हे समजून येते.

जपानी परीक्षेचे वैशिष्ट्य तिच्या क्रमात आहे. जाणकार प्रथम पात्याचा आकार व बाक पाहतो. मग पोलादाच्या घड्यांमधून पृष्ठभागावर उमटलेली रेषांची घडण पाहतो. त्यानंतर पाणी देताना धारेलगत निर्माण झालेली रेषा न्याहाळतो. एवढ्यावरून काळ, प्रांत, परंपरा आणि शक्य तर कारागीर यांविषयी तो आपले मत बनवितो. सही वाचावयाची ती सर्वांत शेवटी. अभ्यासमंडळांत तर नाकागो झाकून ठेवून केवळ पात्यावरून कर्त्याचे नाव ओळखावयास लावण्याचा प्रघात आहे. याचा अर्थ असा की, पाते हे साक्षीदार आणि सही हे त्याचे विधान. साक्षीदाराची पारख झाल्यावाचून विधानाला वजन येत नाही.

सहीची परीक्षा घेतानाही केवळ अक्षरे वाचून भागत नाही. छिन्नी कोणत्या बाजूने चालली, रेघेच्या कडेला धातू किती उचलला गेला, अक्षरे नाकागोच्या कोणत्या भागात व कोणत्या बाजूस आली, कानशीच्या खुणा कोणत्या कोनात आहेत, या गोष्टींचे मिलान त्याच कारागिराच्या निर्विवाद सह्यांच्या ठशांशी केले जाते. सर्वांत महत्त्वाची साक्ष गंजाची. नाकागोवरील काळपट गंज जपानी संग्राहक कधीही घासून काढीत नाहीत. कारण जुन्या गंजावर नवी रेघ कोरली गेली असेल, तर रेघेतील गंज आणि भोवतालचा गंज यांतील भेद उघड होतो. हौशी माणसाने स्वच्छतेच्या भरात तो गंज काढला की शतकांचा पुरावा नाहीसा होतो.

इतके करूनही सहीचा अर्थ सरळ असत नाही. बिझेन प्रांतातील ओसाफुने येथे सोळाव्या शतकात ‘सुकेसादा’ हे एकच नाव अनेक लोहार वापरीत. तेव्हा ‘ओसाफुनेचा सुकेसादा’ ही सही पूर्णपणे खरी असूनही कर्ता कोण, हा प्रश्न शिल्लक राहतो. गुरूच्या अनुमतीने शिष्याने गुरूचे नाव कोरावे, अशीही रीत होती. तेथे हात एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, तरीही त्यास लबाडी म्हणता येत नाही. उलट बाजूने, मासामुने या सर्वांत विख्यात लोहाराची सही असलेली पाती अगदी मोजकी आहेत. त्याची म्हणून मानली जाणारी बहुतेक पाती सहीविना असून ती परीक्षकांच्या निर्णयावरून त्याची मानली गेली. लांब पाते मागून आखूड करताना नाकागोचा भाग कापला जाई आणि त्याबरोबर मूळ सहीही जाई. अशा पात्यांवर होनआमी या परीक्षक घराण्यातील पुरुषांनी आपला निर्णय सोन्याच्या अक्षरांत बसविलेला आढळतो. सोन्याचे ते नाव कारागिराचे असले तरी लेख परीक्षकाचा असतो, हे विसरून चालत नाही.

४

आता मराठ्यांच्या फिरंगेकडे वळू जाता पहिल्या नावाची, म्हणजे युरोपीय कारखानदाराच्या नावाची, अडचण ध्यानात येते. सोळाव्या व सतराव्या शतकांत युरोपातून आलेली पाती दख्खनेत विशेष मान्यता पावली होती, आणि ‘फिरंग’ हे नावच त्यांच्या परकीय उगमाची कबुली देते. परंतु युरोपात नामांकित कारागिराचे नाव हे लवकरच व्यापारी शिक्का बनले. इटलीतील बेल्लुनो येथील आंद्रेआ फेरारा हा सोळाव्या शतकातील लोहार. त्याचे नाव त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ, वेगवेगळ्या वर्णलेखनांनी, असंख्य पात्यांवर घातले गेले, आणि त्यांपैकी पुष्कळशी पाती जर्मनीतील झोलिंगेन येथे घडली. ग्राहकाला ‘फेरारा’ हवा होता आणि कारखानदाराने तो पुरविला. तेथे नाव हे कर्त्याचे उरले नव्हते. ते प्रतीचे निदर्शक झाले होते.

इराणी तलवारींच्या बाबतीत हाच प्रकार असदुल्ला इस्फहानी या नावाने घडला. शाह अब्बास याच्या नावाशी जोडला गेलेला हा लोहार. त्याच्या नावाच्या मुद्रा असलेली पाती इराणात, तुर्कस्थानात आणि हिंदुस्थानात विपुल आढळतात. त्यांवरील हिजरी सन इतक्या दीर्घ कालखंडात विखुरलेले आहेत की, ती सर्व एका माणसाच्या हातची असणे शक्यच नाही. यावरून असदुल्ला नावाचा लोहार झालाच नाही, असे अनुमान मात्र काढता येत नाही. एवढेच म्हणता येते की, त्याचे नाव पात्यावर असणे हा त्याच्या कर्तृत्वाचा पुरावा होऊ शकत नाही.

नागपूरकरांच्या फिरंगेवरील परदेशी नावाकडेही याच सावधगिरीने पाहिले पाहिजे. ते नाव वाचता आले म्हणजे कारखाना सापडला, असे होत नाही. पात्यातील खोलगट नाळींची संख्या व लांबी, पात्याचा छेद, अक्षरांचे वळण, नावाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा यांची तुलना निश्चित उगमाच्या पात्यांशी झाल्यानंतरच त्या नावाला अर्थ प्राप्त होईल. एक गोष्ट मात्र आजही म्हणता येते. ते नाव युरोपीय कारागिराचे असो किंवा त्याच्या नावाने चाललेल्या नकलेचे असो, त्यामुळे तलवारीच्या मराठा इतिहासाला बाध येत नाही. कारण तो इतिहास दुसऱ्या नावावर अवलंबून आहे.

५

दुसरे नाव मालकाचे. हा लेख कर्त्याची सही नव्हे, हे उघडच आहे. त्याचे स्थानही तेच सांगते. जपानी लोहाराची सही मुठीआड असते, कारण ती जाणकारासाठी असते. फिरंगेवरील सोन्याची अक्षरे पात्याच्या पाठीवर आहेत, कारण ती पाहणाऱ्या सर्वांसाठी आहेत. मराठेशाहीच्या दैनंदिन कारभारात मोडी लिपी चालत असताना येथे बाळबोध अक्षर योजले आहे, हेही लेखाच्या औपचारिक स्वरूपाशी सुसंगत आहे.

मालकाचे नाव परक्या पात्यावर घालण्याची प्रथा एकट्या मराठ्यांची नव्हे. जपानातच याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इ. स. १५६० मध्ये ओदा नोबुनागा याने इमागावा योशिमोतो याचा पराभव केला. योशिमोतो त्या लढाईत मारला गेला आणि त्याची तलवार नोबुनागाच्या हाती आली. नोबुनागाने ती आखूड करवून तिच्या नाकागोवर सोन्याच्या अक्षरांत, योशिमोतोस मारले त्या वेळी त्याच्यापाशी असलेली तलवार अशा आशयाचा लेख तिथीसह आणि स्वतःच्या नावासह घालविला. तलवार घडविली चिकुझेन प्रांतातील सामोन्जी परंपरेच्या लोहाराने, बाळगली योशिमोतोने, नाव उमटले नोबुनागाचे. जोगलटेंभीच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने जे केले, तेच येथे पोलादावर झाले. विशेष म्हणजे या लेखाचे मोल कर्त्याच्या सहीपेक्षा कमी मानले जात नाही. मात्र ते निराळ्या प्रकारचे मोल आहे, हे जपानी अभ्यासक काटेकोरपणे सांगतात.

नोबुनागाचा लेख आणि रघूजींचा लेख यांत एक महत्त्वाचा भेद आहे. पहिल्यात तिथी आहे आणि प्रसंग आहे. दुसऱ्यात व्यक्तीचे नाव, आडनाव आणि किताब एवढेच आहे. येथेच प्रश्नाचे खरे मर्म येते. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांतून ही तलवार पहिल्या रघूजी भोसल्यांची म्हणून सांगितली गेली. छत्रपती शाहूंकडून सेनासाहेब सुभा हा किताब मिळविणारे, बंगालवर स्वाऱ्या करणारे, इ. स. १७५१ मध्ये अलिवर्दीखानास तह करावयास लावणारे आणि नागपूरच्या राज्याचा पाया घालणारे हे रघूजी इ. स. १७५५ मध्ये निवर्तले. परंतु त्याच घराण्यात पुढे आणखी दोन रघूजी झाले. त्यांतील दुसरे रघूजी इ. स. १८१६ पर्यंत नागपूरच्या गादीवर होते आणि सेनासाहेब सुभा हा किताब त्यांच्याकडेही होता. ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा’ ही अक्षरे आजोबांना जितकी लागू पडतात तितकीच नातवालाही. ओसाफुनेच्या ‘सुकेसादा’ची अडचण ती हीच : नाव खरे आणि व्यक्ती अनिश्चित.

या संदर्भात तलवार परदेशी कशी गेली, याविषयी मांडलेला तर्कही तपासून पाहण्यासारखा आहे. इ. स. १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर कंपनीच्या हाती नागपूरकरांची जी संपत्ती लागली, तीत ही तलवार असावी, असा संभव शासकीय निवेदनात व्यक्त झाला आहे. हा तर्क ग्राह्य धरला तर तलवार दुसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर अवघ्या दोनएक वर्षांत घराण्याबाहेर गेली, असे होते. मग लेख पहिल्या रघूजींच्या हयातीतील असला, तरी शस्त्र दुसऱ्यांच्या शिलेखान्यातून गेलेले असणार; आणि लेख दुसऱ्यांच्या वेळचा असेल, तर पात्याचे जुनेपण लेखाला आपोआप लागू होत नाही. जुन्या पात्यावर नवे नाव घालता येते, हे जोगलटेंभीच्या प्रत्येक पुनर्मुद्रित नाण्याने सांगितलेच आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, मराठ्यांच्या शस्त्राचे मोल त्यामागील स्मृतीत आहे. पहिले रघूजी की दुसरे, हा पंडितांचा काथ्याकूट होय. हा आक्षेप दिसतो तितका सबळ नाही. बंगालच्या स्वाऱ्यांची स्मृती पहिल्या रघूजींशी निगडित आहे. वसईच्या तहानंतर इंग्रजांशी झालेले युद्ध, अडगावचा पराभव आणि इ. स. १८०३ चा देवगावचा तह यांची स्मृती दुसऱ्यांशी. एक विस्ताराचा काळ, दुसरा संकोचाचा. संग्रहालयाच्या पाटीवर कोणाचे नाव लिहावयाचे, यावर ती तलवार पाहणाऱ्याला महाराष्ट्राच्या इतिहासातील कोणते पान उघडून दाखविणार, हे ठरते. स्मृतीचा आदर करावयाचा तर ती कोणाची स्मृती, हे आधी विचारले पाहिजे.

६

तिसरे नाव मुल्हेर. नाशिक जिल्ह्यातील बागलाण भागातील हा किल्ला बागुल राजांच्या ताब्यात होता, इ. स. १६३८ मध्ये औरंगजेबाने तो मोगलांकरिता घेतला, आणि पुढे साल्हेरबरोबर तो मराठ्यांकडे आला. ‘मुल्हेरी मूठ’ ही संज्ञा या स्थळनामावरून आली आहे. परंतु एखाद्या धाटणीला गावाचे नाव असणे म्हणजे प्रत्येक नमुना त्या गावी घडला, असे होत नाही. पैठणी नेसणाऱ्या प्रत्येक स्त्रीचे लुगडे पैठणासच विणले गेले असे नाही. येवल्याने ते नाव आजवर चालविले आहे, हे नाशिककरांस सांगावयास नको. म्हणून मुठीवरून मुल्हेरच्या कारागिरांचे श्रेय सिद्ध होत नाही. धाटणीचे नाते तेवढे सिद्ध होते. मुठींच्या या स्थळनामांकित प्रकारांचा नमुनेवार अभ्यास हा नाशिक भागातील विद्यार्थ्यांस सहज हाती घेता येण्याजोगा विषय आहे.

मुठीचा आणखी एक उपयोग आहे. हिंदुस्थानी मुठीत पाते सामान्यतः लाखेने बसविलेले असते. जपानी मूठ एक खुंटी काढताच सुटते आणि परीक्षकास सही दाखविते. लाखेची मूठ तशी सोडविता येत नाही आणि सोडवूही नये. परंतु क्ष-किरणांच्या साह्याने मूठ न काढता आतील पात्याचा भाग, जोडाची रीत आणि मागाहून झालेली दुरुस्ती पाहता येते. सोन्याच्या अक्षरांचीही अशीच बिनइजा परीक्षा होऊ शकते. लेखातील सोने आणि मुठीवरील सोने एकाच मिश्रणाचे आहे काय. अक्षरे पोलादात खाच करून बसविली आहेत की खरवडलेल्या पृष्ठभागावर ठोकली आहेत. पाठीवरील झीज व खड्डे अक्षरांखालून गेले आहेत की अक्षरांवरून. हे प्रश्न सूक्ष्मदर्शकाखाली सुटू शकतात. झीज अक्षरांखालून गेली असेल तर नाव नंतरचे. अक्षरांवरून गेली असेल तर नाव घातल्यावर शस्त्र दीर्घकाळ हाताळले गेले. अक्षरवळणाची तुलना नागपूरकरांच्या तिथियुक्त देवनागरी लेखांशी झाली, तर दोन रघूजींमधील निवडीस काही आधार मिळू शकेल.

७

या विवेचनाचा रोख तलवारीचे महत्त्व कमी करण्याकडे नाही. लेखात संशय घेण्यासारखे काही आढळले, असेही येथे सुचवावयाचे नाही. सांगावयाचे आहे ते इतकेच की, नाव हा पुराव्याचा आरंभ आहे. तो निर्णय नव्हे. कारागिराचे नाव पात्याच्या घडणीने सिद्ध व्हावे लागते; मालकाचे नाव लेखाच्या काळाने व कागदपत्रांच्या साक्षीने; आणि धाटणीचे नाव नमुन्यांच्या तुलनेने. एकाचे प्रामाण्य दुसऱ्यास उसने देता येत नाही.

या दृष्टीने तलवारीच्या पाटीवर आज जे निःशंकपणे लिहिता येईल ते असे : पाते युरोपीय, मूठ मुल्हेरी धाटणीची, पाठीवर सेनासाहेब सुभा रघोजी भोसले यांच्या नावाचा देवनागरी लेख. ‘पहिले रघूजी’ हे शब्द तेथे लिहावयाचेच असतील, तर त्यांच्यापूर्वी ‘परंपरेने’ किंवा ‘बहुधा’ असा शब्द असावा आणि परीक्षेचा निष्कर्ष हाती येईपर्यंत तो तेथेच राहावा. जपानी परीक्षक झाकलेल्या नाकागोपुढे बसून प्रथम पात्याकडे पाहतो, त्यामागे नावाविषयी अनादर नसतो. पात्याने नावाला दुजोरा दिला म्हणजे ते नाव अधिक पक्के होते, एवढेच तो जाणतो. नागपूरकरांच्या फिरंगेवरील नावालाही असा दुजोरा मिळवून देणे हे ती परत आणण्याच्या कार्याचेच पुढचे पाऊल होय.